फाइन आर्टवाला अजीम आणि लालासाहेबांचं तोंड

विट्यात बोललं जायचं, की अजीम तांबोळीनं नवरीचा पाय मोडला.

बोललं जायचं म्हणजे उघड नव्हे. उघड बोललं की समोरचा खुलासा करतो आणि सगळी मजा जाते. त्यामुळं हळूच, चहाच्या कपात तोंड घालून. एक म्हणायचा, फोटोच्या नादात त्यानं पोरीला बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये एका अंगठ्यावर उभी केली आणि अंगठ्याचं हाड निघालं. दुसरा म्हणायचा, छे छे, छपराच्या लोखंडी कैचीला दोर बांधून तिला अधांतरी सोडली होती, दोर सुटला. तिसरा जरा शिकलेला. तो म्हणायचा, हाडबीड काही नाही, शीर सरकली. पण आता ती कायमचीच. या तिघांपैकी शेडमध्ये कुणीच नव्हता, म्हणून तिघांनाही सगळं बारकाईनं माहीत होतं.

शिवाय साक्षीदार होती. नवऱ्या मुलाची आत्या, वडूजच्या रंगूबाई. त्यांनी नवरीच्या पायाची बोटं डोळ्यांनी बघितली होती. रंगूबाईंनी एकदा डोळ्यांनी बघितलं म्हणजे खटाव तालुक्यात त्यावर अपील नसतं.

आता अजीमची गोष्ट मुळापासून सांगायला हवी.

अजीमचे वडील महंमदभाई. त्यांचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक स्टूल आणि मागं पडदा. पडद्यावर तळं आणि तळ्यात दोन राजहंस. राजहंस रंगवणाऱ्यानं आयुष्यात कोंबडीशिवाय पक्षी बघितला नसावा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की महंमदभाई काळ्या कापडाखालून ओरडायचे, "हलू नका!" आवाज असा, की माणूस श्वाससुद्धा परवानगी काढून घ्यायचा. आमच्या भागातली पोरं फौजेत भरती व्हायला जायची ती महंमदभाईंचा फोटो चिकटवून. सगळ्यांचे डोळे वटारलेले, जबडे आवळलेले. साहेबाला वाटायचं, काय शूर तालुका आहे! शूर कुठला? भ्यालेला होता.

अजीमच्या हातात दुकान आलं तोवर काळं कापड गेलं, कॉम्प्युटर आला आणि लग्नं मोठी झाली. लग्नाचा फोटोग्राफर फोटो काढतो असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्याकडचं लग्न बघितलेलं नाही. त्याचं खरं काम म्हणजे कुणी सुटता कामा नये. जेवणात मीठ कमी पडलं तर भावकी चार दिवसांत विसरते. अल्बमात तोंड आलं नाही तर मरताना नातवाला सांगून जाते. अजीम यात पटाईत. कुणाचे डोळे मिटलेले असले, तर त्याच माणसाचे उघडे डोळे दुसऱ्या फोटोतून आणून बसवायचा. कुणी मामा रुसून घरीच राहिला असला, तर गेल्या लग्नातला मामा उचलून या लग्नात उभा करायचा. एका घरच्या मयत आजोबांना तर त्यानं फेटा बांधून नातीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसवलं. आजोबा जिवंतपणी कधी एवढे टापटीप दिसले नव्हते. आजी म्हणाली, "आसंच वागलं आसतं तर!"

असा सुखाचा माणूस. पण फोनवर कुणा परदेशी माणसाची चित्रं बघून बिघडला. काळी-पांढरी चित्रं. मोकळी भिंत, तिच्यापुढं एक मुलगी. एका पायाच्या बोटांच्या अगदी टोकावर उभी, दुसरा पाय मागं हवेत, हात पसरलेले आणि नजर भलतीकडंच. त्याला बॅले म्हणतात, आणि त्याचा असा फोटो काढला की फाइन आर्ट.

"बघा की," तो दिसेल त्याला फोन दाखवायचा, "कॅमेऱ्याकडं कुनीच बघत न्हाई! मी जल्मभर 'इकडं बघा, इकडं बघा' करून घसा फोडला आन् ह्या मानसानं कुनाला बघूच दिलं न्हाई. ह्येला म्हनायचं कला."

गावानं त्याचं म्हणणं मनावर घेतलं. त्याचं नावच बदललं. "ओ फाइन आर्ट, पासपोर्टच्या चार कॉप्या द्या." "फाइन आर्ट, म्हशीचा फोटो पायजे, विमा काढायचाय. म्हशीनं कॅमेऱ्याकडं बघायचं का नगं?"

मुलगी कुठून आणायची हा प्रश्न होता. पहिला प्रयोग त्यानं घरातच केला. बायकोला म्हणाला, "परवीन, जरा टाचा उचल की."

परवीनभाभी शिवणकाम करतात. माप घ्यायला टेप लागत नाही, माणसाकडं एकदा बघितलं की पुरतं. त्यांनी नवऱ्याकडं तसं बघितलं. म्हणाल्या, "टाचा मी उचलते ती फळीवरला तुपाचा डबा काढाय. त्याचा काढा फोटो. आन् खाली लिवा, तूप संपलंय."

तरी तो थांबला नाही, कारण त्याला एक काटा बोचत होता. सांगलीत दर वर्षी फोटोंचं एक प्रदर्शन भरतं. पहिल्या वर्षी अजीमनं गुलाबाच्या पाकळ्यांत बसवलेली नवरी पाठवली. परीक्षक पुण्याचे होते, खादीचा झब्बा घातलेले. फोटो परत देताना म्हणाले, "छान आहे, पण हे लग्नाचं आहे." पुढच्या वर्षी त्यानं जतकडं जाऊन धुळीतून येणाऱ्या मेंढ्या आणि मागं धनगर असा फोटो आणला. परीक्षक म्हणाले, "छान आहे, पण हे कॅलेंडरचं आहे." कॅलेंडरचं त्यानं सोसलं. 'लग्नाचं आहे' हे त्याच्या काळजात रुतून बसलं. आता एकच ध्यास. सांगलीच्या त्या भिंतीवर आपला एक फोटो लागला पाहिजे, आणि त्याला कुणी लग्नाचा म्हणता कामा नये.

आणि देवाचा विनोद बघा. ती मुलगी चालत आली ती लग्नाचाच फोटो काढायला.

ढवळखिंडीचे लालासाहेब जाधव बंगळूरला असतात. आमच्या भागातली निम्मी माणसं देशभर गलाईचं काम करतात. म्हणजे भट्टीत सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची. माणूस तिकडं सोनं गाळतो आणि इकडं जत्रेला, लग्नाला येऊन ते गावाला दाखवतो. लालासाहेबांच्या गळ्यात इतकं सोनं, की मान खाली घालायला त्यांना कारण लागत नाही. त्यांची मुलगी अंकिता, तिचं लग्न वडूजच्या दिग्विजयशी ठरलेलं. बापलेक दोघं प्री-वेडिंगचं ठरवायला अजीमकडं आले.

अजीमनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "झोका हाय, रंगीत धूर हाय, बैलगाडी हाय, उघडी जीप हाय. बैलांचं भाडं येगळं."

अंकिता म्हणाली, "काका, झोका नको. मला नाचातला एखादा साधा फोटो हवाय. मी लहानपणापासून बॅले शिकते."

अजीमच्या हातातला चहा लालासाहेबांच्या पांढऱ्या विजारीवर गेला.

"बॅले म्हंजे," तो म्हणाला, "ते बोटावर?"

"हो. बोटांच्या टोकावर."

"आमाला म्हाईतच न्हवतं बरं का," लालासाहेब विजार झटकत म्हणाले. "मला वाटायचं भरतनाट्यम. फी तर तेवढीच जायाची."

ठरलं असं: एका सकाळी अजीमच्या ओळखीच्या, बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये फोटो काढायचा आणि तो सांगलीच्या प्रदर्शनाला पाठवायचा. माग भंगारात गेलेले, भिंती मोकळ्या, छपरातल्या काचांतून उजेड थेट खाली. अंकिता आणि फार तर दिग्विजय, तिसरं कुणी नको. अजीमनं लालासाहेबांना हात जोडून सांगितलं, "मालक, गर्दी नगं. कलेला मोकळी जागा लागती."

"आवं, गर्दी कोन करतंय?" लालासाहेब म्हणाले. "घरचीच मानसं येत्यात."

त्या सकाळी शेडपुढं आधी जीप आली, मग दुसरी जीप, मग एक टेम्पो. टेम्पोतून फेटे उतरले. केशरी फेटे बांधलेले सगळे चुलते, मग चुलत चुलते. नऊवारी, सहावारी, पैठण्या. वडूजहून नवऱ्याकडची मंडळी आली, पुढं रंगूबाई. मागून जेवणाची पातेली. जाधवांच्या लेकीचा सांगलीला लागणारा फोटो निघणार म्हटल्यावर भावकीनं घरी बसायचं? आणि घरी बसलं तर उद्या अल्बमात तोंड कुठून येणार?

अंकिता तिच्या पोशाखात उभी होती. कंबरेभोवती पसरट पांढरी झालर, पायांत टोकाला कडक असलेले गुलाबी बूट, त्यांच्या फिती घोट्याला गुंडाळलेल्या.

रंगूबाईंनी तिला वरून खालून बघितलं. "आगं, ह्यो घागरा शिंप्यानं निम्माच शिवला व्हय? राहिल्यालं कापड परत घेतलं का न्हाई?"

"आत्या, हा असाच असतो."

"आसंल बाई. बंगळूरला कापड म्हाग आसंल." आणि त्यांनी स्वतःची शाल काढून तिच्या कंबरेला गुंडाळली.

अजीम म्हणाला, "शाल काढा, मावशी. फाइन आर्टला शाल चालत न्हाई."

"तुजं फाइन आर्ट तुज्या घरी. ही आमची सून हाय."

मग दिग्विजय, जो आतापर्यंत भिंतीला टेकून फोनमध्ये तोंड घालून होता, पुढं झाला आणि शाल हळूच सोडून घडी घालून आत्याच्या हातात दिली. त्या दिवशी त्यानं केलेलं हे एकमेव काम, पण पोरगा माझ्या मनातून उतरला नाही.

अंकिता बोटांवर चढली. एका पायावर, दुसरा पाय मागं. शेडमध्ये अशी शांतता झाली, की टेम्पोचा तापलेला पत्रा वाजलेला ऐकू आला. अजीमनं कॅमेरा डोळ्याला लावला. हाच तो फोटो.

"थांबा थांबा!" लालासाहेब म्हणाले. "थोरल्या बापूंना घ्या आधी. मान त्यांचा."

थोरले बापू पुढं झाले आणि पुतणीशेजारी उभे राहिले. हात पोटाशी, छाती पुढं, नजर कॅमेऱ्यात. त्यांच्यामागं काकू. मग धाकटे. मग वडूजकर, कारण आधी मुलीकडचे झाले म्हणून ते आधीच फुगले होते. रिसेप्शनच्या स्टेजवर लागते तशी रांग लागली. फरक एवढाच, की मधे नवरीऐवजी एका पायाच्या बोटावर उभी असलेली मुलगी. कुणी जोडीनं येत होतं, कुणी लेकराला कडेवर घेऊन. एका बाईनं सवयीनं तिच्या हातात पाकीट दिलं. तिनं ते त्याच नाजूक पसरलेल्या हातानं घेतलं. दुसऱ्यानं नारळ दिला. तोही घेतला.

मधेच अंकिता टाच टेकवायला लागली तर लालासाहेब म्हणाले, "बाळा, टाच वर. नुसतं हुबं ऱ्हायला बंगळूरला क्लास लावला व्हता का?"

"पप्पा, असं सारखं वर राहायचं नसतं!"

"एवढं शेवटचं. पारे गावचे पाव्हणे हायत. त्यांचं न्हाई काढलं तर लगीन मोडंल."

आणि आमचा कलावंत? आमचा कलावंत "इकडं बघा, हां, जरा हसा, ताई पदर नीट" म्हणत एकेकाचे फोटो काढत होता. माणूस कला सोडू शकतो, धंद्याची सवय नाही.

रांग अर्धी झाली आणि दारातून आचारी ओरडला, "जेवाण निवतंय! पंगत बसवू का?"

सगळे फेटे एकदम दाराकडं वळले. चुलते, चुलत चुलते, पारेचे पाहुणे, लेकरं, थोरले बापू, सगळ्यांची पाठ. लालासाहेबही वळले, पंगतीत पहिला मान कुणाचा हे बघायला. आणि मधे, कुणाच्याच ध्यानात नसलेली अंकिता, बोटाच्या टोकावर, खाली मान घालून, नारळ छातीशी धरून. छपरातून उजेड नेमका तिच्यावर. अजीमकडून बटण दाबलं गेलं.

पुढच्याच क्षणी शेड रिकामी. भाजी मटकीची होती.

तो फोटो मी बघितलाय. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, तसा फोटो विट्या-वडूजच्या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत निघालेला नाही. कुणीच कॅमेऱ्याकडं बघत नाही. अजीमनं तो परवीनभाभींना दाखवला. त्यांनी शिलाई मशीन थांबवून तो बघितला. म्हणाल्या, "हिच्या पायाला काय तरी लावाय दिलं का कुनी?"

लग्न झालं. लग्नाच्या सकाळी नवरीच्या पायांत जोडवी घालायची असतात, आणि त्या वेळी सगळ्या बायकांचे डोळे त्या पायांवरच असतात. जोडवी घालायला बसल्या रंगूबाई. पाऊल हातात घेतलं आणि तशाच थिजल्या. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीठिक्कर, बोटांना घट्टे. जोडवी घातली, तोंडावर पदर धरून उठल्या आणि मंडप ओलांडेपर्यंत अजीमनं तो पाय मोडून ठेवला होता.

अंकिता नवऱ्याबरोबर पुण्याला गेली, अफवा इथं राहिली. अजीमकडं नोंदवलेली दोन लग्नं दुसऱ्या फोटोग्राफरकडं गेली. मुलीकडचे लोक फोनवर नम्रपणे विचारायचे, "तुमी नवरीला हुबं कितपत ठेवता?"

सांगलीला फोटो पाठवायची मुदत जवळ आली होती. नियम असा, की ज्याचा फोटो त्याच्या घरची परवानगी हवी. आणि त्याच सुमारास लालासाहेब दुकानात शिरले, तोंड लाल. मागं गावातली चार माणसं, काय होतंय ते बघायला.

"मालक, आईशप्पत, पोरीच्या पायाला मी हात..."

"पायाचं ऱ्हाऊ द्या वो!" लालासाहेब गरजले. "तो सांगलीला जायाचा फोटो दाखवा."

अजीमनं कॉम्प्युटर उघडला. लालासाहेब वाकून बघत राहिले. गळ्यातल्या साखळ्या टेबलावर टेकल्या.

"ह्यात मी कुठाय?"

"हे तुमी." अजीमनं एका फेट्यावर बोट ठेवलं.

"ही तर पाठ हाय."

"व्हय. त्यातच तर मजा..."

"माज्या लेकीचा फोटो सांगलीला लागनार, सगळा जिल्हा बघनार आन् बाप पाठ फिरवून हुबा? लोक काय म्हन्तील? पोरीला टाकून जेवाय पळाला?"

पळाला होताच, पण हे बोलायची हिंमत तिथं कुणात नव्हती. लालासाहेबांनी निकाल दिला. त्यांचं तोंड दिसलं तर परवानगी, नाहीतर फोटो या दुकानातून हलायचा नाही.

अजीमनं अंकिताला फोन लावला. त्याला वाटलं, ती बापाला समजावेल. ती हसत सुटली. "काका, माझी परवानगी आहे. पण पप्पांना त्यांचं तोंड द्या, नाहीतर ते स्वतः सांगलीला जाऊन भिंतीपुढं उभे राहतील."

आता खरा कलावंत काय करतो? तो ताडकन उठतो. म्हणतो, माझी कला विकायला नाही. अजीमही ताडकन उठला. दार लावून परत बसला आणि मयत आजोबांना पहिल्या रांगेत बसवणाऱ्या त्याच हातांनी कामाला लागला. रांगेतल्या फोटोतलं लालासाहेबांचं तोंड काढलं, फेट्यासकट, आणि या फोटोतल्या पाठमोऱ्या अंगावर बसवलं. कारागिरी अशी, की सांधा दिसेना. फक्त एवढंच झालं, की सगळे दाराकडं वळलेले, आणि मधे एक माणूस पाठीच्या बाजूनं तोंड घेऊन थेट तुमच्याकडं बघत हसतोय.

परवीनभाभींनी बघितलं. म्हणाल्या, "सदऱ्याची बटनंबी मागं लावा मग. बिचाऱ्याला रोज उलटा घालावा लागल."

त्यानं तो तसाच पाठवला. आणि फोटो लागला! सांगलीच्या भिंतीवर, नीट चौकटीत. अजीम नवा सदरा घालून शेजारी उभा. मीही गेलो होतो. अशी गोष्ट ऐकीव ठेवायची नसते. लोक त्या फोटोपुढंच थांबत होते. पुण्याचे परीक्षक, तोच झब्बा, आले आणि डोळे बारीक करून उभे राहिले.

"हे मागं फिरलेलं मस्तक," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे आपल्या समाजाची दुभंगलेली नजर. पाठ फिरवायची, आणि पाळतही ठेवायची. हे तुम्हाला सुचलं कसं?"

"साहेब," अजीम म्हणाला, "ते लालासाहेब हायत. गलाईवाले."

परीक्षकांनी मान डोलावली, जणू हेही एक रूपकच. अजीमचा ऊर भरून आला. एक शब्दही निघाला नव्हता लग्नाचा.

संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. पहिला क्रमांक सुरकुतलेल्या म्हातारीला; तो दर वर्षी तिलाच असतो, फक्त म्हातारी बदलते. अजीमचं नाव पुकारलं. उत्तेजनार्थ. तो स्टेजवर गेला, प्रमाणपत्र घेतलं, टाळ्या झाल्या. खाली येऊन वाचलं. प्रदर्शन मांडणाऱ्यांनी फेटे बघितले, नारळ बघितला, पांढऱ्या झालरीत नवरीसारखी दिसणारी मुलगी बघितली आणि फोटो त्यांना योग्य वाटला त्या विभागात घातला होता: 'लग्न व समारंभ'.

परतताना एसटीत अजीमनं प्रमाणपत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, "पन भिंतीवर लागला."

मी म्हणालो, "लागला की."

"मुंडकं नसतं तर?"

"तर भिंतीवर नसता."

ते प्रमाणपत्र आता दुकानात आहे, राजहंसांच्या पडद्याशेजारी. विभागाच्या ओळीवर चौकटीची पट्टी जरा रुंद बसवून घेतलीय. बंगळूरहून, कोचीनहून लग्नाला येणाऱ्या गलाईवाल्यांच्या पोरी आता त्याच्याकडं बोटावरचा फोटो मागतात, आणि भावकी रांग लावते. मूळ फोटो, पाठींचा, त्यानं कुणालाच दिला नाही. मागितला तर दाखवतो.

राहिला पाय. अंकिताचा पाय कधी मोडला नव्हता. ती अजीमच्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हाही तिची नखं काळीच होती. बोटांच्या टोकावर नाचणाऱ्यांची नखं काळी पडतातच.